आधी दर ठरवा, मग मशीन बदला

हिंगोली जिल्ह्यात बचत गटांच्या बैठकांना जाते तेव्हा वाकळी-गोधड्या शिवणाऱ्या बाया विचारतात, "ताई, पायडलची मशीन देऊन मोटारीची घ्यावी का?" घरातले पुरुष म्हणतात, "आहे ती चालते की!" कर्ज देणारे म्हणतात, "घ्या, उद्योजिका व्हा." मला दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. बाईच्या श्रमाचा हिशोब दोघांनीही केलेला नाही.

"आहे ती चालते" हे खरं नाही. घरगुती मशीन झंपर-परकर शिवण्यासाठी बनवलेली. तिचे दाते फक्त खालचं कापड पुढे सरकवतात. जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर घातले की वरचा थर मागे राहतो, चुण्या पडतात, सुई मोडते. गुंडाळलेली गोधडी मशीनच्या कमानीत मावत नाही, ती हाताने ओढत धरावी लागते. पाठ आणि मान जाते ती बाईची. त्याच घरात फवारणीचा पंप बदलताना "आहे तो चालतो" असं कोणी म्हणत नाही. पुरुषाचं अवजार ही गरज, बाईचं अवजार ही हौस!

आता कर्जाचं बघू. जाड कापडाची मोटारीची मशीन शिलाईचा वेग वाढवते, मजुरीचा दर वाढवत नाही. समजा, एका गोधडीची मजुरी ३०० रुपये आणि पायडलवर दोन दिवस लागतात; म्हणजे दिवसाला १५०. मोटारीवर ती एका दिवसात झाली तर दिवसाला ३०० पडायला हवेत. पण व्यापारी म्हणाला, "आता तुला वेळ लागत नाही," आणि दर १७० वर आणला, तर? दुप्पट गोधड्या काढून हातात २० रुपये जास्त. त्यातूनच हप्ता, वीजबिल आणि दुरुस्ती. वीज गेली की मोटार थांबते, हप्ता थांबत नाही.

सरकारी मदतीचीही तीच तऱ्हा. २०२३ साली पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज, असं तिचं स्वरूप. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, गोधडीचं नाव नाही. बरं, शिंपीण म्हणून अर्ज करावा, तर एका कुटुंबातून एकालाच लाभ! नवरा गवंडी म्हणून नोंदला गेला की बायकोची वाट बंद. दोन माणसं, दोन कसब. सरकारदरबारी मात्र कारागीर एकच. तो कोण असणार, हे सांगायला नको.

१९७०च्या दशकात अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्यांतून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बाया 'सेवा' संघटनेत एकत्र आल्या. त्यांची पहिली लढाई मशीनसाठी नव्हती, दरासाठी होती. व्यापाऱ्यांनी अडवणूक केली तेव्हा त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. पुढे १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, हे त्याचं सूत्र. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. घरात बसून शिवते ती कामगार नाही, फावल्या वेळात शिवणारी गृहिणी, असंच आपण मानत आलो.

म्हणून मैत्रिणींनो, कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी चार गोष्टी बघा. गोधडीला लागणारे तास आठ दिवस वहीत मांडा. गावातल्या सगळ्या शिवणाऱ्यांनी मिळून एक दर ठरवा. त्याखाली कोणीही शिवणार नाही, अशी शपथ घ्या. एकटीने कर्ज काढण्यापेक्षा गटाची एक मशीन घेऊन पाळीने वापरता येते का, ते पाहा. आणि मशीनची पावती स्वतःच्या नावाने करा.

हे जमलं तर मशीन जरूर घ्या. पाठ मोडून शिवण्यात कसली संस्कृती नाही. पण दर व्यापाऱ्याच्या हाती, पावती नवऱ्याच्या नावावर आणि हप्ता तेवढा बाईच्या डोक्यावर, अशी प्रगती आपल्याला नको.