पांझरेचा फड आणि शहराचा नळ

पांझरा नदीच्या बंधाऱ्यांखाली काही शतके चालत आलेली फड पद्धत हा खान्देशाचा अभिमानास्पद ठेवा आहे. बंधाऱ्यातून पाट निघे, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असे आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक घेतले जाई. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. स्वतःच्या शेताकडे पाट फोडण्याची मुभा कोणालाही नसे. पाटकऱ्यावर हवालदाराची देखरेख, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि या सर्वांवर लाभधारकांनी नेमलेले पंच. पाटातील गाळ काढण्यासाठी दरवर्षी सारे शेतकरी एकत्र येत. सर्वांत मोठे शहाणपण पुढेच आहे. बहुतेकांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत थोड्या थोड्या असल्यामुळे पाणी अपुरे पडले की एखादा फड कोरडा ठेवला जाई आणि टंचाई सर्वांच्या वाट्याला सारखी येई. पुढे अभियंता म्हणून कीर्ती मिळविणाऱ्या विश्वेश्वरय्यांनी आपल्या सेवेच्या प्रारंभी याच पांझरेवर दातर्ती येथे सायफन उभारला. पण फडाचा कारभार त्यापूर्वीपासून कोणत्याही सरकारी अभियंत्यावाचून चालत आला होता.

त्याच पांझरेच्या काठी वसलेल्या धुळे शहरातील गृहिणीला मात्र गेल्या कित्येक उन्हाळ्यांत नळाच्या पाण्यासाठी आठ-आठ दिवस वाट पाहावी लागली. नकाणे आणि डेडरगावचे तलाव आहेत, तापीवरून पाणी आणणारी योजना आहे, अलीकडे अक्कलपाडा धरणाचे पाणीही शहराकडे वळविण्यात आले. उद्भवांची संख्या वाढत गेली, घरातील पिंपांची संख्या काही घटली नाही! जळगावला वाघूर धरणाचा आधार आहे, तरी तेथेही पाणी रोज येत नाही.

या दोन्ही शहरांत कर्तृत्वाची वानवा आहे, असे कोण म्हणेल? जळगावची केळी, तेथील डाळी, सुवर्णपेठ आणि ठिबक सिंचनाचा उद्योग यांनी देशभर नाव कमावले. धुळ्याने इतिहासाचार्य राजवाड्यांच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले आणि समर्थ वाङ्मयासाठी वाग्देवता मंदिर जपले. व्यापार असो वा विद्या, जे लोकांनी स्वतःचे मानले ते फुलले. २००३ साली दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची पावणेचार लाख भरली. या आकाराचे शहर मुंबई-पुण्याप्रमाणे हाताबाहेर गेलेले नसते. आयुक्ताने मनात आणले तर एका सकाळी ते पायाखाली घालता येते. म्हणूनच येथील अव्यवस्थेला सबब कमी उरते.

जळगावने भव्यतेचा मार्ग निवडून पाहिला. सतरा मजली प्रशासकीय इमारत उभी राहिली, घरकुलांसाठी हुडकोचे कर्ज काढले गेले. पुढे काय झाले, हे सर्वज्ञात आहे. घरकुल प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरविले. त्या निकालावर उच्च न्यायालयात अपिले झाली, त्यांचा निर्णय न्यायालय करील. पण शहराला भोगावी लागलेली शिक्षा कोणत्याही अपिलाने माफ होणार नाही. कर्जाचे हप्ते फेडता फेडता महापालिकेची उमेदीची वर्षे सरली, आणि महामार्गालगतच्या समांतर रस्त्यांसारख्या साध्या गोष्टीसाठीही नागरिकांना आंदोलने करावी लागली.

तापीच्या मुखाशी, आपल्याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला सुरत आहे. खान्देशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी तेथे स्थिरावली आहेत. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लोक ते शहर सोडून पळत होते. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले. त्यांनी विभागीय अधिकाऱ्यांना अधिकार दिले, रोज सकाळी अधिकारी वर्गाला रस्त्यावर उतरविले आणि अतिक्रमणे काढताना वजनदारांनाही वगळले नाही. दोन वर्षांत सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूरने नळांना मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखविले. मोजून पाणी दिले की साठविण्याचा हव्यास आपोआप ओसरतो, हा तेथील अनुभव आहे.

निधी नाही, हे उत्तर तयारच असते. ते अगदीच खोटे नाही. जकात गेली, २०१५ मध्ये एलबीटी बहुतांश व्यापाऱ्यांपुरता संपला, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि महापालिका अनुदानासाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसू लागल्या. त्यात २०२३ मध्ये दोन्ही ठिकाणची सभागृहे मुदत संपून रिकामी झाली आणि कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती गेला. तथापि मोजमाप ठेवण्यास अनुदान लागत नाही. टाकीत किती पाणी चढले, किती घरांत पोचले आणि वाटेत किती मुरले, हा हिशेब मागण्यापासून नागरिकांना कोणी अडविले आहे?

येथे सुशिक्षित मध्यमवर्गाला एक प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे. पाणी येताच नळाला थेट विजेची मोटार लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढणारी घरे कोणत्या वसाहतींत आहेत? फडात याला पाट फोडणे म्हटले गेले असते आणि पंचांनी दंड केला असता. शहरात ते हुशारीचे लक्षण ठरते, आणि तीच मंडळी संध्याकाळी महापालिकेच्या नावाने बोटे मोडतात.

क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. बहुतेक मतदारांनी तिचे नावही ऐकलेले नाही. धुळे आणि जळगाव या दोन्ही महापालिकांनी प्रत्येक जलकुंभावर मीटर बसवून महिन्याचे आकडे प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावेत. पहिली क्षेत्रसभा भरवावी ती जलवाहिनीच्या शेवटच्या टोकावरील वस्तीत, जेथे पाणी येते ते मध्यरात्री आणि तेही करंगळीएवढ्या धारेने.