"विचारलं होतं की तुम्हाला!"

मंडळी, परवा रात्री अकराच्या सुमाराला बातमी पाठवायला बसलो. आमच्या कामाच्या सॉफ्टवेअरला एकच रोग. फोटो जोडला की "खात्री आहे का?" मथळा बदलला की "खात्री आहे का?" पाठवायला गेलं की "नक्की पाठवायचं?" मी आपला हो, हो, हो करत सुटलो. चौथ्या चौकटीत लिहिलेलं होतं की आधीचा मजकूर पुसला जाईल. तिलाही हो म्हणलं. दीड तासाची मेहनत गेली गोदावरीत. मदतीला फोन लावला तर पलीकडचं पोरगं म्हणतं, "सर, सिस्टीमनं विचारलं होतं की तुम्हाला!"

हेच ते वाक्य. सगळं दुखणं याच्यात आहे. पन्नास वेळा उगाच विचारायचं, माणसाला न वाचता "हो" दाबायची सवय लावायची, आणि एक्कावन्नाव्या वेळी खरंच काही बिघडलं की बोट त्याच्याकडं करायचं. २००७ साली आलेला विंडोज व्हिस्टा आठवतोय का? ऊठसूट परवानगी मागायचा. लोक इतके वैतागले की पुढच्या विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टला ते विचारणं कमी करावं लागलं.

माझी बातमी गेली, मी परत लिहिली. पण लाडक्या बहिणींचं काय? सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं या योजनेला ई-केवायसी लावली. आधी बाईचा आधार नंबर, मग ओटीपी, मग नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार, परत ओटीपी. (नवरा आणि वडील दोघंही नाहीत तिनं काय करायचं, हे सरकारला नंतर सुचलं.) आणि शेवटी कबुलीचे प्रश्न. त्यातल्या एकाचा मतलब असा, की कुटुंबातलं कुणी कायम सरकारी नोकरीत नाही, पेन्शन घेत नाही. होय की नाही?

आता सांगा, आपल्याकडं कुणाला "घरात कुणी नोकरीला नाही ना?" असं विचारलं तर तो काय म्हणतो? "नाही." बायांनीही तेच दाबलं. अन् कॉम्प्युटरनं अर्थ काढला, की नोकरीला नाही असं नाही, म्हणजे आहे! दुसऱ्याच्या रानात निंदायला जाणारी बाई एका बटणात सरकारी नोकरदाराच्या घरची झाली. पंधराशे रुपये बंद. शेवटी २०२६ च्या जानेवारीत खात्यालाच सांगावं लागलं, की चुकीचा पर्याय निवडलेल्यांची अंगणवाडी सेविका प्रत्यक्ष पडताळणी करतील. म्हणजे प्रश्न लिहिणाऱ्यानं घोळ घातला आणि उन्हातान्हात फिरायचं कुणी? अंगणवाडीताईनं!

कुणी म्हणेल, तपासणी नको का? पाहिजेच. सरकारी नोकरीतल्या बायांनी, इतकंच काय पुरुषांनीसुद्धा पैसे उचलल्याचं उघड झालं होतं. पण सरकारी पगार कुणाला जातो हे सरकारच्याच तिजोरीत लिहिलेलं असतं. ते तिथं बघायचं सोडून शेतमजूर बाईकडून दुहेरी नकाराच्या वाक्यावर कबुली घ्यायची, ही कसली तपासणी? आणि बऱ्याच जणींनी तर बटण स्वतः दाबलंही नाही. सेंटरवर मागं रांग, पोरगं म्हणतंय "मावशी, ओटीपी सांगा लवकर." ते दाबेल ते खरं.

विचारायचं तर एकदाच विचारा, सरळ विचारा: "घरात कुणी सरकारी नोकरीला आहे का?" आणि चुकलं तर बदलायला सोपी सोय ठेवा. जीमेलवर पाठवलेला मेल काही सेकंदात मागं घेता येतो, आणि पंधराशे रुपयांची बाई मात्र एका बोटात कायमची फसते व्हय?

गंगाखेड तालुक्यात अशा "नाही"मुळं कुणाचे पैसे थांबले असतील तर मला इनबॉक्सला गावाचं नाव आणि कधीपासून थांबले तेवढं कळवा. आधार नंबर, ओटीपी काही टाकू नका, मलाही नाही आणि कुणालाच नाही. पंधरा-वीस जणी झाल्या की यादी घेऊन आपण मिळून तहसीलला जाऊ.