जहाजावर, पण ड्युटीवर नाही

कोकणातल्या आपल्या घरांत जहाज म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, नोकरी आणि हज. सारंग, तांडेल ही आडनावंच दर्यावरून आली. मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. त्यांतल्या उलट्यांच्या आणि समुद्रावरच्या फजरच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. नवरा-बायको मौजेखातर जहाजावर चढले, असं मात्र कुणाकडून ऐकलं नव्हतं.

तर आम्ही चढायचं म्हणतोय. मुंबई ते गोवा आणि परत, पावसाळ्याआधी, इन्शाअल्लाह.

यांची २६ वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. "पैसे देऊन जहाजावर? डोकं ठिकाणावर आहे ना?" हे पहिलं उत्तर. दुसऱ्या दिवशी स्वतःच कागद-पेन घेऊन बसले. आता रोज इशानंतर यादी वाढते. पोरं आपापल्या घरी गेल्यापासून गोळ्या आणि लाइटबिल याखेरीज आमच्यात बोलणंच उरलं नव्हतं. सध्या डेकवर किती फेऱ्या मारायच्या, यावर भांडण चालू आहे.

केबिन मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची, कारण तिथं डोलणं कमी जाणवतं. निघताना लाइफजॅकेट आणि जमायची जागा दाखवतात, तेव्हा यांनी खलाशांच्या चुका काढायच्या नाहीत. कॅसिनो आणि बारचा मजला कटाप. हलालचं बुकिंगच्या वेळीच विचारायचं. खात्री नसेल तर मासे आणि डाळभात आहेच. चहासुद्धा करायचा नाही, ही अट. तिच्यावर चर्चा नाही. आम्ही शाफई, त्यामुळे सफरीत कसर आहे आणि नमाज जोडून पढायचीही सवलत आहे. किब्ल्याचं खातं यांच्याकडे. जहाज वळलं की आपणही वळायचं.

फजरनंतर डेक रिकामा असतो, तेव्हा दोघांची शर्यत. "या वयात?" नणंदबाईंनी विचारलंच. एका सफरीत प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) धावण्याची शर्यत लावतात, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. आधी आयेशा (रजि.) जिंकल्या. पुढे त्यांचं अंग भरल्यावर प्रेषित (स.) जिंकले आणि आधीच्या हारीची फिट्टंफाट झाल्याचं त्यांना सांगितलं. सफरीची दुआ आपल्याकडे पोराबाळांना पाठ असते, ही गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. आमचे गुडघे पाहता आम्ही नुसते भरभर चालणार आहोत.

काल यांनी आणखी एक कलम घातलं. जहाज रत्नागिरीसमोरून जाईल तेव्हा झोपायचं नाही. कोचीनकडे जाताना हे इंजिनरूममधून वर येऊन रत्नागिरीचं दीपगृह शोधायचे. घर तेवढ्यावर, आणि उतरायची सोय नाही. इकडे पोरं तापानं फणफणलेली असली तरी यांना ते महिन्यानं पत्रातून कळायचं. या वेळी कठड्याशी दोघांनी मिळून तो दिवा शोधायचा. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'थर्मासमध्ये चहा हवा.' कुणी करायचा, ते लिहिलेलं नाही.