बंद दाराआडची पन्नास मिनिटे

बार्शीच्या एका आडत पेढीचे शटर रविवारी सकाळी अर्धे खाली ओढलेले असते. आत गादीवर, एरवी जिथे वडील बसतात तिथे, लॅपटॉपसमोर घरातील धाकटा मुलगा आणि सून शेजारी शेजारी बसलेली असतात. पडद्यावर असतात पुण्याच्या एक विवाह व कुटुंब समुपदेशक. घर वरच्या मजल्यावरच आहे. पण तिथे नऊ माणसे राहतात, आणि दिवसाढवळ्या नवराबायकोने खोलीचे दार लावून घेणे अशा घरांत अजूनही प्रशस्त मानले जात नाही. म्हणून संसाराची बोलणी तुरीच्या नमुन्यांच्या पिशव्यांमध्ये बसून करावी लागतात.

लग्नाला आठ वर्षे झालेली, मुलगा सहा वर्षांचा. भांडणे तशी क्षुल्लक गोष्टींवरून: मुलाची सहल, माहेरी जाण्याचा दिवस, वेळेवर न आणलेले औषध. पण सून दोन महिने माहेरी जाऊन राहिली, तेव्हा दोन्हीकडची चार वडीलधारी मंडळी बसली. दोघांचे ऐकून घेतले आणि ‘सांभाळून घ्या’ असा निर्वाळा दिला. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. यात वडीलधाऱ्यांचा दोष नाही. ते न्याय करायला बसतात, आणि न्याय झाला की एकाला जिंकल्यासारखे व दुसऱ्याला हरल्यासारखे वाटतेच. समुपदेशक न्याय करीत नाही. ताळेबंद जुळत नसला की नवखा कारकून फरकाची रक्कम पाहून घाबरतो. अनुभवी माणूस मात्र चूक कोणत्या दिवसाच्या नोंदीत शिरली ते शोधत मागे जातो. हे काम त्या जातीचे आहे.

पहिल्या सत्रात बाईंनी फारसे काही विचारले नाही. फी किती, सत्र किती मिनिटांचे, बोललेले कोणालाही सांगितले जाणार नाही, मात्र कोणाच्या जिवाला धोका दिसला तर ही गुप्तता राखता येणार नाही, हे आधी सांगितले. खोलीत आणखी कोणी आहे का, हेही विचारले. पुढे दोघांशी एकेकदा स्वतंत्र बोलणे झाले. तिसऱ्या रविवारी सहलीचा विषय निघाला. शाळेने साडेतीनशे रुपये मागितले होते. सुनेने नवऱ्याला सांगितले, त्याने ‘नंतर बघू’ म्हटले आणि नाव नोंदवण्याची तारीख उलटून गेली. सुनेच्या मते त्याला मुलाची पर्वा नव्हती. बाईंनी त्याला एवढेच विचारले, “घरात पैसे मागताना तुम्हाला काय वाटतं?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “लाज वाटते.”

हा मनुष्य रोज लिलावात लाखोंचा माल बोलतो. पण बायकोला बाहेर जेवायला न्यायचे तर त्याला मुनीमजींदेखत गल्ल्यातून पैसे मागावे लागतात, आणि वडील सहज विचारतात, “कशाला?” वडिलांच्या विचारण्यात संशय नसतो, सवय असते. ती लाज टाळण्यासाठी तो ‘नंतर बघू’ म्हणत आला, आणि आठ वर्षे बायको त्या दोन शब्दांचा अर्थ ‘तू महत्त्वाची नाहीस’ असा लावत आली. ही गोष्ट तिने त्या दिवशी प्रथम ऐकली.

कुटुंबोपचाराचे एक आद्य अभ्यासक, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन, यांनी याच स्वरूपाची एक गोष्ट मांडून ठेवली आहे. दोघांमधला ताण असह्य झाला की ती दोघे नकळत तिसऱ्याला मध्ये ओढतात आणि त्रिकोण तयार होतो. इथे सुनेचा तिसरा कोन माहेरचा फोन होता, मुलाचा तिसरा कोन आई. दोघेही आपले दुःख बाहेर सांगत होती. फक्त एकमेकांना सांगत नव्हती.

पडद्यावरून हे साधते का, अशी शंका रास्त आहे. तालुक्याच्या गावी एखाद्या समुपदेशकाचा जिना चढताना चार ओळखीचे पाहतात, आणि संध्याकाळपर्यंत सोयरिकीत बातमी पोचते. ऑनलाइन सत्रात तो जिना नाही, हा मोठाच लाभ. उलट घरातल्या पातळ भिंती, मध्येच तुटणारे नेटवर्क आणि ‘काय बोलणं झालं?’ असे दारातच विचारणारी माणसे हे त्याचे खर्च. शेवटचा खर्च सर्वांत जड. नवराबायको जे बोलली ते घरात उघडे पडणार असेल, तर पुढच्या वेळी ती खरे बोलणार नाहीत.

समुपदेशक निवडताना मात्र व्यापाऱ्याची चौकसबुद्धी बाजूला ठेवू नये. ‘विवाह-समुपदेशक’ अशी पाटी लावण्यासाठी आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, ती तपासावी. इतरांना पदवी कोणती, जोडप्यांसोबत किती वर्षे काम केले, हे सरळ विचारावे. जाणकार माणसाला त्याचा राग येत नाही. मुलगा-सून अमेरिकेत असतील तर गोष्ट वेगळी. तिथे हा स्वतंत्र परवान्याचा व्यवसाय आहे, कॅलिफोर्नियाने तो १९६३ मध्येच सुरू केला, आणि परवाना राज्यापुरता असल्याने सहसा राहत्या राज्याचाच परवाना पाहावा लागतो. आणि जिथे मारहाण किंवा धमकी आहे तिथे दोघांना एकत्र बसवण्याचा हा मार्गच नव्हे. खरे बोलल्याची शिक्षा स्त्रीला सत्र संपल्यावर भोगावी लागते. तिथे आधी तिची सुरक्षितता पाहावी. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि १८१ हा महिला मदतक्रमांकही. मन फारच खचले असेल तर १४४१६ वर टेली-मानसची सरकारी सेवा विनामूल्य मिळते.

कौटुंबिक न्यायालयांतही १९८४ च्या कायद्यान्वये समुपदेशकांची सोय आहे. पण तिथवर पोचेपर्यंत दोन्ही बाजूंचे वकील झालेले असतात, दागिन्यांच्या याद्या झालेल्या असतात. त्यापेक्षा गादीवरचा लॅपटॉप कितीतरी स्वस्त.

सहाव्या सत्राला, दोघांच्या संमतीने, वडिलांना बोलावले गेले. ते प्रथम अवघडून बसले. “सगळं यांचंच तर आहे,” म्हणाले. ते खरेही होते. मुलगा पेढीत भागीदार होता, करारात त्याचा मेहनताना लिहिलेला होता, दरवर्षी तो त्याच्या भांडवली खात्यात जमाही होत होता. मात्र हातात कधी आला नव्हता. बाईंनी सल्ला दिला नाही. मुलालाच वडिलांकडे वळून बोलायला सांगितले. तो अडखळत बोलला. वडिलांनी चष्मा काढून पुसला, आणि त्यांच्या लग्नानंतर पहिली अकरा वर्षे त्यांनीही असेच त्यांच्या वडिलांकडे हात पसरून मागितले होते, हे सांगितले. ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

आता एक तारखेला ठरलेली रक्कम मुलगा-सुनेच्या संयुक्त बचत खात्यात जाते. मुनीमजी तिची नोंद इतर उचलीसारखीच करतात. भांडणे संपलेली नाहीत. माहेरी जाण्याच्या दिवसावरून परवाच एक झाले. सत्रे महिन्यातून एकदा चालू आहेत, पण गादीवर नाही, वरच्या खोलीत. रविवारी दार लागले की सासूबाई बाहेर टीव्हीचा आवाज थोडा वाढवतात.