भगिनींच्या हाती शस्त्र : परवाना द्या, नाहीतर संरक्षण द्या!

डहाणू रोडहून एक भगिनी आमच्या कचेरीत आल्या होत्या. बोईसरच्या कारखान्यात त्या दुसऱ्या पाळीला जातात. रात्रीच्या लोकलने डहाणू रोडला उतरायचे, मिळेल त्या रिक्षाने फाट्यापर्यंत जायचे आणि पुढचा रस्ता अंधारात पायी तुडवायचा, हा त्यांचा रोजचा प्रवास. गावातल्या एका अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात त्या साक्षीदार आहेत. साक्ष फिरव, नाहीतर बघून घेऊ, असा निरोप त्यांना दोनदा आला आहे. जयभीम करून त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, मला परवान्याचे पिस्तूल घ्यायचे आहे. माझे हात लहान आहेत. पर्समध्ये मावेल आणि मला चालवता येईल असे पहिले पिस्तूल कोणते घ्यावे?"

आम्ही क्षणभर गप्प झालो. बाईमाणसाने असा प्रश्न विचारला की आपल्याकडे लोक हसतात किंवा घाबरतात. आम्हाला या दोन्हीपैकी काही करता आले नाही. ज्या समाजाच्या हातात हजारो वर्षे शस्त्र येऊ दिले गेले नाही, त्या समाजाची एक लेक कायद्याच्या चौकटीत राहून शस्त्र मागते आहे. तिला सरळ उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

भारतातील खालच्या वर्गांनी या अमानुष व्यवस्थेविरुद्ध बंड का केले नाही, याची मीमांसा बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये केली आहे. चातुर्वर्ण्याने त्यांच्याकडून विद्या काढून घेतली आणि शस्त्रही काढून घेतले, हे त्यांनी दाखवून दिले. महारांची सैन्यभरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आपल्या लोकांनी अर्जविनंत्या केल्या, बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. शस्त्राचा प्रश्न आमच्यासाठी नेहमीच माणूस म्हणून असलेल्या दर्जाचा प्रश्न राहिला आहे.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. दिल्लीच्या अत्याचारानंतर सारा देश रस्त्यावर उतरला आणि जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. महिलांसाठीचे पहिले रिव्हॉल्व्हर म्हणून त्याचा गाजावाजा झाला. बोअर .३२, वजन सुमारे अर्धा किलो आणि तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये! चिकूच्या वाडीत रोजंदारी करणाऱ्या बाईने इतके रुपये एका जागी कधी पाहिले असतील काय? सरकारला शस्त्र घेणारी महिला दिसली ती दागिन्यांच्या दुकानात जाणारी. पाड्यावर राहणारी महिला त्याच्या हिशेबात नव्हतीच.

किंमत बाजूला ठेवली तरी हलके आणि छोटे म्हणजे बाईसाठी सोपे, हा समज चुकीचा आहे. शस्त्र जितके हलके तितका गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का मोठा. नवख्या हाताला तो सहन झाला नाही तर दुसरी गोळी कुठे जाईल याचा नेम नाही. लहान हाताच्या व्यक्तीने पाहायचे ते वेगळेच. मूठ पकडल्यावर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच मुठीच्या मागे मधोमध बसते काय? पकड न हलवता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर येतो काय? बोट पोचावे म्हणून मनगट फिरवावे लागत असेल तर ते शस्त्र आपले नाही, दुकानदार काहीही सांगो.

रिव्हॉल्व्हरची रचना साधी असते, पण घोडा न चढवता गोळी झाडायची तर चाप लांब आणि जड ओढावा लागतो. बारीक बोटांना तो ओढता येतो की नाही, हे रिकाम्या शस्त्रावर प्रशिक्षकासमोर तपासून पाहावे. पिस्तुलाचा चाप बहुधा हलका असतो, पण वरचा सरकता भाग जोराने मागे खेचावा लागतो. तो नुसत्या बोटांनी ओढू नये. एका हाताने तो भाग घट्ट धरावा आणि मूठ धरलेला हात पुढे रेटावा, म्हणजे कमी ताकदीतही काम होते. ९ मिमीसारखी शस्त्रे आपल्या देशात प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. सामान्य नागरिकाला मिळते ते बहुतेक .३२ किंवा .२२. तेव्हा निवड मुळातच थोडक्यात आहे. हातात धरून पाहिल्याशिवाय आणि प्रशिक्षकासमोर चालवून पाहिल्याशिवाय पैसे टाकू नयेत. पर्समध्ये ठेवायचे तर त्या कप्प्यात दुसरे काहीही नको. किल्ली, पेन, कंगवा चापात अडकला तर घात होईल. घरात मुले असतील तर कुलूपबंद पेटी शस्त्राच्या आधी घ्यावी.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. कोणी स्वस्तात देशी कट्टा देतो म्हणाला तर त्याच्या सावलीलाही उभे राहू नका. तो हातात फुटतो, आणि शस्त्र कायद्याखाली विनापरवाना शस्त्र बाळगणाऱ्याला किमान दोन वर्षांची कैद आहे. मग ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची तो मोकळा फिरेल आणि साक्षीदार तुरुंगात जाईल. आपल्या विरोधकांना याहून अधिक काय हवे?

परवान्याचे काय? १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण हवे. डहाणू-तलासरीच्या रहिवाशाचा अर्ज पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, त्यावर पोलिसांचा अहवाल येतो. याच कायद्याच्या कलम १४ मध्ये एक तरतूद आहे, ती आपल्या लोकांनी पाठ करून ठेवावी : अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अपील करता येते. तेव्हा कोणी कारकुनाने "तुझ्याकडे राखण्यासारखे आहे तरी काय?" असे विचारले तर हे कलम त्याच्या टेबलावर ठेवा. आमच्याकडे राखण्यासारखा जीव आहे, अब्रू आहे आणि न्यायालयात द्यायची साक्ष आहे!

यापुढची तरतूद तर अनेक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली १९९५ साली जे नियम झाले, त्यातील नियम ३ प्रमाणे अत्याचारप्रवण क्षेत्रात राज्य शासन आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्र परवाने देऊ शकते. पण त्याच नियमात त्याआधी काय म्हटले आहे? अशा क्षेत्रातील बिगर अनुसूचित लोकांचे शस्त्र परवाने रद्द करा, त्यांची शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करा आणि बेकायदा शस्त्रे जप्त करा! अत्याचाऱ्याच्या हातातले शस्त्र आधी काढा, पीडिताच्या हातात द्यायचे ते नंतर, हा या नियमाचा क्रम आहे. २०२० साली हाथरसनंतर चंद्रशेखर आझाद यांनी बहुजनांना २० लाख शस्त्र परवाने देण्याची मागणी केली तेव्हा मनुवादी माध्यमांनी केवढा कांगावा केला! पण परवाने देण्याची ही तरतूद कायद्याच्या पुस्तकात १९९५ पासून पडून आहे, हे सांगण्याचे धाडस त्यातील किती जणांनी दाखवले?

आता एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. खैरलांजीच्या सुरेखा भोतमांगे यासुद्धा साक्षीदारच होत्या. मारहाणीच्या एका प्रकरणात त्यांनी साक्ष दिली आणि २९ सप्टेंबर २००६ रोजी जमावाने त्यांचे घर गाठले. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन, चौघेही मारले गेले. सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर त्या जमावापुढे किती वेळ टिकले असते? त्यांना हवा होता वेळेवर धावून येणारा पोलीस, आणि तोच आला नाही. पुढे न्यायालयात अ‍ॅट्रॉसिटी कायदाही लागला नाही. अंधाऱ्या रस्त्यावर गाठणाऱ्या एकट्यादुकट्या गुंडाला शस्त्र थोपवू शकेल. सारा गाव अंगावर आला तर त्याला संघटना आणि शासनच थोपवू शकते.

डहाणू-तलासरीच्या मातीला हे सांगण्याची गरज नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही जमीनदाराचे लग्नगडी होत, तो हाच मुलूख. बंदुका जमीनदारांकडे होत्या, वारल्यांकडे कोयता आणि काठी. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे वारली हजारोंनी जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांचा गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी हुतात्मा झाले, पण वेठबिगारी पुन्हा उभी राहिली नाही. तो झेंडा लाल होता, निळा नव्हता, म्हणून आम्ही त्या इतिहासाकडे पाठ फिरवणार नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांवर हल्ला झाला तेव्हा पलटणीतून आलेले कितीतरी जण बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि हल्लेखोरांना न्यायालयात खेचले. त्यांच्याकडे ताकद नव्हती म्हणून नव्हे. ताकद कुठे लावायची हे त्यांना कळत होते म्हणून.

म्हणून त्या भगिनीला आम्ही सांगितले : ताई, अर्ज जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याआधी धमकीची लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ खाली साक्षीदाराला संरक्षण देणे ही शासनाची जबाबदारी आहे, ते संरक्षण लेखी मागा. आणि रात्री फाट्यापासून एकट्या चालू नका. गावातल्या आणि शेजारच्या पाड्यावरच्या कार्यकर्त्यांनी पाळ्या लावून तुम्हाला घरापर्यंत सोडले पाहिजे. ते होत नसेल तर निळा झेंडा कशासाठी खांद्यावर घेतला, याचे उत्तर आम्हा सर्वांना द्यावे लागेल.

जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी घेणे नियमाने बंधनकारक आहे. पालघर जिल्ह्यातील समितीच्या सदस्यांनी पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारावेत. डहाणू-तलासरीत किती साक्षीदारांना संरक्षण दिले? अत्याचाराच्या आरोपींपैकी किती जणांकडे शस्त्र परवाने आहेत आणि त्यातले किती रद्द केले? अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांचे किती अर्ज पडून आहेत? या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या आणि आमच्याकडे पाठवा. आम्ही ती याच पानावर छापू.

रात्रीच्या लोकलमधून उतरणाऱ्या बाईला पर्समध्ये पिस्तूल ठेवावेसे वाटते, यात लाज तिला वाटण्याचे कारण नाही. लाज शासनाला वाटली पाहिजे. शासनाने तिला संरक्षण द्यावे. ते जमत नसेल तर परवाना द्यावा. दोन्ही नाकारण्याचा अधिकार बाबासाहेबांच्या संविधानाने कोणत्याही अधिकाऱ्याला दिलेला नाही!