लस पोहोचली, सुईचे काय?

कोलकात्याच्या बेलगाछिया भागात स्वाइन फीवरवरील लस अनेक वर्षे सशांच्या शरीरात विषाणू वाढवून तयार होत आली. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने पेशीसंवर्धनातून बनवलेली नवी लस फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झाली. सशांचे बळी टळले. शिवाय १५ ते २० रुपयांना पडणारी मात्रा २ रुपयांच्या आत येईल, असे तेव्हा सांगण्यात आले. हे यश मोठेच आहे. परंतु दोन माद्या व त्यांची पिल्ले सांभाळणाऱ्या पालकाची अडचण मात्रेच्या किमतीपाशी संपत नाही.

ही लस जिवंत विषाणूची असते. बर्फाविना ती निकामी होते आणि द्रावण केल्यावर काही तासांतच संपवावी लागते. सुईला जंतुनाशकाचा अंश राहिला, तरी लस मरू शकते. म्हणून सुई पाण्यात उकळून, निववून घ्यावी. टोचायचे ते कानामागे, मानेच्या स्नायूत, मांडीत नव्हे. मोठ्या मादीला आखूड सुई वापरली, तर लस चरबीतच राहते. याहून गंभीर म्हणजे साऱ्या कळपाला एकच सुई! ज्या रोगापासून वाचवायचे, तोच ती एका डुकरातून दुसऱ्यात नेते.

अनेक मात्रांची कुपी चार डुकरांसाठी कोण फोडणार? लहान कुप्या आणि जनावरागणिक स्वतंत्र सुई यांचा पुरवठा लसीबरोबरच व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर वस्तीतील पालकांनी एकच दिवस ठरवून पशुवैद्यकांना बोलवावे. ताप असलेल्या जनावराला मात्र त्या दिवशी टोचू नये.