भंडाऱ्याच्या मुलांचे आकाश

२०२५ च्या जानेवारीत राष्ट्रीय छात्रसेनेचे प्रजासत्ताकदिन शिबिर दिल्लीस भरले होते. देशाच्या सर्व भागांतून आलेले २३६१ छात्र त्यात होते. त्यांपैकी ९१७ मुली होत्या, आणि युवक विनिमय योजनेखाली १४ मित्रराष्ट्रांचे छात्रही पाहुणे म्हणून आले होते. हे शिबिर चालू असतानाच, २४ जानेवारीस, भंडाऱ्याजवळील जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत भीषण स्फोट झाला आणि देशाच्या संरक्षणासाठी राबणारे कामगार प्राणास मुकले. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध काही नाही. तथापि त्या एकत्र आठवल्या म्हणजे मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही. देशरक्षणाचे ओझे वाहण्यात ज्या जिल्ह्याचा वाटा आहे, त्या जिल्ह्यातील मुलामुलींना देशाचे प्रतिनिधी म्हणून परदेशी जाण्याच्या गौरवात कितपत वाटा मिळतो? हवाई छात्रांच्या आंतरराष्ट्रीय विनिमयाचा विचार आम्ही आज या प्रश्नाच्या अनुषंगाने करीत आहोत.

हा विनिमय मुळात सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून. १९४७ साली ब्रिटन व कॅनडा या देशांनी आपापले तरुण हवाई छात्र एकमेकांकडे पाठविले. पुढल्याच वर्षी अमेरिकेचे छात्रही त्यात सामील झाले, आणि पाहता पाहता अनेक राष्ट्रांनी हा उपक्रम उचलला. त्याची रीत साधी आहे. पाठविणाऱ्याने प्रवासाचा खर्च सोसावा, यजमानाने राहण्याजेवण्याची व्यवस्था करावी. पाहुण्या छात्रांनी विमानतळ व कारखाने पाहावेत, शक्य तेथे कुटुंबांतून राहावे आणि परत आल्यावर आपल्या सोबत्यांना त्या देशाची ओळख करून द्यावी. विमान हे असे वाहन आहे की, त्याला नदी अडवीत नाही आणि डोंगरही अडवीत नाही. ते चालविण्याची आकांक्षा धरणाऱ्या तरुणास दुसऱ्या राष्ट्राचा मनुष्य प्रथम पाहुणा म्हणून भेटावा, यातच या योजनेचे शहाणपण आहे. त्यास सहल म्हणून हिणविणाऱ्यांना तिचे मर्म कळले नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

आपल्या देशात छात्रसेनेचा कायदा १९४८ साली झाला, आणि १९५० च्या एप्रिलात मुंबई व कलकत्ता येथे एकेक पथक उभारून तिच्या वायुशाखेचा आरंभ झाला. त्या वेळी भंडारा जिल्हा मुंबई राज्यात नव्हे, तर मध्य प्रदेशात होता. तेव्हा मुंबई त्याला दूर होती, हे समजण्यासारखे आहे. परंतु आज काय स्थिती आहे? छात्रसेनेचे २ महाराष्ट्र हवाई पथक आमच्या नागपुरात आहे. वायुसेनेच्या देखभाल विभागाचे मुख्यालयही येथेच आहे. भंडारा येथून अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरांवर. अंतर मिटले, पण वाट मोकळी झाली काय?

परदेशी जाणाऱ्या छात्राची निवड दिल्लीत झालेली दिसते. वस्तुतः ती फार आधी, शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या दारातच झालेली असते. छात्रसेनेत प्रवेश मिळतो तो मुख्यतः आपापल्या शिक्षणसंस्थेमार्फत. तेथून वार्षिक शिबिर, मग राज्याचा संघ, मग दिल्लीचे शिबिर आणि त्यानंतर परदेश, अशी ही शिडी आहे. वरच्या पायऱ्यांवर निवड कितीही निःपक्षपाती असो, ज्या मुलीच्या संस्थेत वायुशाखाच नाही तिच्यासाठी या शिडीला पहिली पायरीच नाही. महाराष्ट्राच्या संघाने पंतप्रधानांचे निशाण अनेकदा जिंकले, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. परंतु त्या महाराष्ट्रात लाखांदूर आणि तुमसरही येतात, याचे विस्मरण होऊ नये.

२०२० साली छात्रसेनेचा मोठा विस्तार जाहीर झाला. सीमेवरील व किनाऱ्यावरील १७३ जिल्ह्यांत एक लाख नवे छात्र घ्यावयाचे, व त्यांत एक तृतीयांश मुली असाव्यात, असे ठरले. निर्णय योग्यच होता. मात्र भंडाऱ्यास ना परराष्ट्राची सीमा, ना समुद्र! ज्या संस्था सारा भार स्वतः उचलतील त्यांना छात्रसेना सुरू करू देणारी स्वखर्चाची योजनाही आहे. पण धानाच्या पिकावर ज्यांचे वर्षाचे गणित चालते, अशा पालकांच्या गावातील शाळेने तो भार कोठून उचलावा? मधल्या जिल्ह्यांची अशी कुचंबणा होते, आणि ती कोणाच्या दुष्टाव्याने होते असे नव्हे. तिच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही, हेच खरे दुखणे आहे.

याहून विलक्षण गोष्ट बिरसीची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने गोंदियाजवळ बिरसी येथे धावपट्टी बांधली. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ती भंडारा जिल्ह्यातच होती. पुढे त्याच धावपट्टीवर विमानतळ प्राधिकरण व एक कॅनेडियन कंपनी यांच्या भागीदारीतून वैमानिक घडविणारी संस्था उभी राहिली. ज्या कॅनडाने हवाई छात्रांच्या विनिमयात आरंभीच पुढाकार घेतला, त्याच देशाचे प्रशिक्षणतंत्र आमच्या धानाच्या बांध्यांपर्यंत येऊन पोहोचले आहे. त्या बांध्यांत रोवणी करणाऱ्यांच्या मुलांना मात्र ते डोक्यावरून जाताना पाहण्यापलीकडे त्याचा लाभ नाही, कारण वैमानिक होण्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. छात्रसेना हे विमानविद्येचे त्यांना परवडणारे एकमेव दार आहे.

येथे कोणी म्हणेल की, ज्या जिल्ह्याने ९ जानेवारी २०२१ रोजी रुग्णालयाच्या आगीत दहा नवजात बालके गमावली, तेथे आधी रुग्णालये सुधारावीत, विमानांच्या गोष्टी मागाहून. या आक्षेपातील वेदना आम्ही जाणतो. परंतु उपेक्षा तुकड्यातुकड्यांनी होत नसते. जेथील मुले जगात कोठेच दिसत नाहीत, तेथील रुग्णालयेही राज्यकर्त्यांच्या नजरेस उशिरा पडतात. एक मागितले म्हणून दुसरे मागू नये, हा न्याय फक्त दुबळ्यांनाच का लावावा?

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. नागपूरच्या हवाई पथकाशी जोडलेल्या तुकड्यांपर्यंत भंडाऱ्याच्या सातही तालुक्यांतील विद्यार्थ्यांना पोहोचता येईल, अशी व्यवस्था छात्रसेनेने करावी. निवड झालेल्या छात्रांच्या प्रवासाचा, पारपत्राचा व मुलाखतीच्या तयारीचा खर्च जिल्हा नियोजनातून भागवावा. खेड्यातील मूल हुशारीत मागे नसते. इंग्रजी संभाषणाच्या सरावात ते मागे पडते, आणि हा सराव देणे हे संस्थाचालकांचे काम आहे. चौथी गोष्ट अशी की, विनिमय म्हणजे केवळ जाणे नव्हे, बोलावणेही होय. दिल्लीस येणाऱ्या पाहुण्या छात्रांना दोन दिवस इकडे आणावे. श्रीलंका, भूतान, व्हिएतनाम या देशांचे छात्र या योजनेत येत असतात. पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्रकाशात आलेले प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष त्यांना राजधानीच्या राजपथांहून अधिक आपुलकीचे वाटतील. त्यांना ते दाखविण्यास सोबत भंडाऱ्याचाच छात्र असावा.

परदेशी पाहुण्यास आपले गाव ताठ मानेने दाखविणारा मुलगा उद्या परदेशातही ताठ मानेने उभा राहील. दिल्लीच्या पुढल्या शिबिराची निवड सुरू होण्यापूर्वीच जिल्ह्याचे लोकप्रतिनिधी, शिक्षणसंस्था आणि छात्रसेनेचे अधिकारी यांनी एकत्र बसून या गोष्टींचा निर्णय करावा. शिडीची पहिली पायरी बांधणे आपल्याच हाती आहे. ती बांधून दिली की, पुढच्या पायऱ्या भंडाऱ्याची मुले स्वतःच्या पायांनी चढतील, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.